न बुडणारी घटिका

एका गावात एक भोळा होता, अशी सुरुवात करतात. एका कशाला, आमच्याच गावात होता. माझ्या शेजारी. मधे फक्त एक कुडाची भिंत. नाव येसबा.

अंगानं दांडगा, मनानं गरीब. सांगाल ते करायचा. भानगड इथंच होती. सांगाल तेवढंच करायचा, आणि सांगाल तसंच करायचा.

अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचं लग्न जमलं. मुलगी शेजारच्या गावची, सुगंधा. मॅट्रिक झालेली, शास्त्रात वर्गात पहिली. बघायच्या कार्यक्रमात पोरीनंच विचारलं, "तुम्हाला काय काय येतं?"

येसबा म्हणाला, "सांगाल ते."

सुगंधा खुदकन हसली. तिचे वडील रंगराव मात्र हसले नाहीत. म्हणाले, "माणूस वाईट नाही. पण ह्याच्याबद्दल आमच्या कानावर काय काय आलंय. लग्नाला दोन महिने आहेत. तोवर ह्यानं जरा शहाणं व्हावं. येडपटपणा दिसला, की फुटलेली सुपारी जोडून परत पाठवीन."

येसबाला सुगंधा फार आवडली होती. इतकी, की त्या दिवशी घरी येताना तो दोनदा चुकीच्या गल्लीत शिरला. आमच्या गावाला गल्ली एकच आहे.

आई म्हणाली, "येसू, तिला शास्त्र येतं. तूही शिक की लेका! कुमुदबाईंकडं जा."

कुमुदबाई म्हणजे हायस्कूलच्या शास्त्राच्या बाई. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, चावडीपुढं टेबल मांडायच्या आणि मोठ्या माणसांना प्रयोग दाखवायच्या. म्हणायच्या, "शास्त्र काही आभाळातून पडत नाही. तुमच्या चुलीपाशीच असतं." बाजाराला आलेली माणसं डोक्यावरची पाटी खाली ठेवून बघत राहायची. मीही बघायचो. फुकट होतं.

पहिल्या गुरुवारी बाईंनी एक बरणी आणली. पितळी झाकण घट्ट बसलेलं. गावातल्या दोन पैलवानांना निघेना. बाईंनी झाकणावर कढत पाणी ओतलं, फडक्यानं धरून फिरवलं. निघालं!

"तापवलं की वस्तू फुगते," बाई म्हणाल्या. "झाकण फुगलं, म्हणून सैल झालं."

येसबा घरी गेला. लग्नात घालायला वडिलांचा लोकरीचा कोट काढून ठेवला होता. पोटावर बटण लागत नव्हतं. येसबानं हंडाभर पाणी उकळलं आणि कोट आत सोडला. तासभर लाकडानं ढवळला. बाहेर काढला तेव्हा तो माझ्या नातवाला बरोब्बर बसला. नातू पाच वर्षांचा.

आई कपाळाला हात लावून बसली. येसबा बाईंकडं गेला.

"बाई, कोट फुगला नाही."

"अरे बाबा, लोकर उकळली की आटते! तिथं गार पाणी वापरायचं, गार!"

"बरं. आता गारच वापरीन."

संध्याकाळी आई म्हणाली, "कंदिलाची काच काजळलीय, तेवढी साफ कर." कंदील तासभर जळत होता. येसबानं गार पाण्याचा तांब्या घेतला आणि सगळा काचेवर उपडा केला. काच ताडकन फुटली. आई अंधारात म्हणाली, "काय केलंस रे?" येसबा अंधारातच म्हणाला, "गारच वापरलं."

बाईंनी ऐकलं आणि डोळे मिटले. म्हणाल्या, "येसबा, तापलेल्या वस्तूवर एकदम गार पाणी ओतायचं नसतं. तापलेलं काही दिसलं तर हात लावायचा नाही. गप बसून राहायचं. आपोआप निवतं."

"गप बसायचं. आपोआप निवतं." येसबानं दोनदा घोकलं.

चारच दिवसांनी त्याच्या कडब्याच्या गंजीवर कुठून तरी ठिणगी पडली. मी मळ्यातून येतो तो काय! गंजी पेटलेली, आणि हा समोर मांडी घालून बसलेला.

मी ओरडलो, "अरे येड्या, बसलास काय! पाणी आण!"

"तापलंय," तो म्हणाला. "तापलेल्यावर गार पाणी ओतायचं नसतं. बसा काका. आपोआप निवतं."

मी घागरी घेऊन धावलो, गावही धावलं, पण कशाचं काय. गंजी गेली. दुपारपर्यंत राख झाली. येसबानं राखेत हात घालून बघितला आणि तडक बाईंकडं गेला. "बाई, तुमचं खरं आहे. निवली."

आई मात्र त्या दिवशी रडली. दोन बैलांची सहा महिन्यांची वैरण होती ती. मी माझ्यातली निम्मी दिली. देताना चार शिव्याही दिल्या. त्या त्यानं मन लावून ऐकल्या.

बाईंनी त्याला समोर बसवलं. मेणबत्ती पेटवली, वर पेला उपडा ठेवला. ज्योत लहान लहान होत गेली आणि विझली. "बघितलंस? आगीला हवा लागते. हवा तोडली की आग मरते. पुढच्या वेळी धूर दिसला की ओलं गोणपाट टाकायचं. चारी बाजूंनी दाबून धरायचं. कळलं?"

"धूर दिसला की ओलं गोणपाट. कळलं."

आता पुढचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगतो. रविवारी होणारे सासरे, रंगराव, पत्रिकेचा मसुदा घेऊन आले. ओसरीवर बसले. चहा झाला. मग त्यांनी खिशातून बिडी काढली आणि शिलगावली. पहिला झुरका घेतला. नाकातून धूर सोडला.

येसबा उठला. परसात गेला. पाण्यात बुडवलेलं गोणपाट घेऊन आला आणि रंगरावांच्या डोक्यावरून पायापर्यंत टाकलं. मग चारी बाजूंनी दाबून धरलं. हात पुरेनात म्हणून वर बसला.

आतून आवाज आला, "मेलो! मेलो!"

"नाही मामा," येसबा प्रेमानं म्हणाला, "विझताय."

आम्ही तिघांनी ओढून त्याला काढला. रंगराव बाहेर आले ते लालबुंद आणि चिंब. मिशीतून पाणी गळत होतं. पायताणही न घालता ते तरातरा निघाले. जाताना म्हणाले, "मोडलं! लग्न मोडलं!"

येसबा दोन दिवस जेवला नाही. नुसता भिंतीकडं बघत बसायचा. मला म्हणाला, "काका, मी सांगितलेलं सगळं करतो. मग असं का होतं हो?" मी घरून भाकरी आणून त्याच्यापुढं ठेवली.

पण पोरगी गुणाची. तिनं बापाला विचारलं, "बाबा, बिडी विझली का?"

"विझली तर! मीसुद्धा विझलो असतो."

"मग शिकवलेलं बरोबर लक्षात ठेवलं त्यांनी. जागा चुकली एवढंच. असा ऐकणारा नवरा कुणाला मिळतो? एक डाव माफ करा."

रंगरावांना एकुलती एक लेक. ते म्हणाले, "एकच डाव. लग्नाच्या मांडवात जरी काही झालं, तरी तिथून वऱ्हाड परत पाठवीन."

आता बाईंनाही घोर लागला. लग्नाआधीच्या शेवटच्या गुरुवारी त्यांनी मुद्दाम सोपा प्रयोग निवडला. बादलीत पाणी घेतलं. पत्र्याची वाटी सोडली. तरंगली. तिला खिळ्यानं भोक पाडलं. पाणी आत आलं, वाटी बुडाली. भोकात कणीक दाबली. पुन्हा तरंगली.

"कळलं?" बाईंनी विचारलं.

"कळलं. भोक दिसलं की बुजवायचं."

येसबानं घरी जाऊन बादलीचं भोक बुजवलं. कळशीचं बुजवलं. दोन्ही गळायच्या थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा आईनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. त्या आनंदात त्यानं पिठाची चाळणीही बुजवली. तीनशे अकरा भोकं. मोजून.

आईनं गुपचूप चाळणी माळ्यावर टाकली आणि बाईंना निरोप धाडला. बाई स्वतः घरी आल्या. एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "येसबा, नीट ऐक. चाळणीला भोकं लागतातच. भांडं पाण्यावर तरंगत असेल, त्याला भोक असेल, आणि त्यातून पाणी आत येऊन ते बुडत असेल, तरच बुजवायचं. नाहीतर कशालाही हात लावायचा नाही. शपथ घे."

येसबानं शपथ घेतली. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पाण्यावर तरंगणारं, भोक असलेलं भांडं लग्नात कुठून येणार?

आलं.

सुगंधाच्या गावचे अनंतभटजी जुन्या वळणाचे. मांडवात सतरा जणांच्या मनगटावर घड्याळं होती, पण भटजींचा घड्याळावर विश्वास नव्हता. ते घटिका लावायचे. घंगाळात पाणी भरायचं. त्यावर तांब्याची वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला बारीक भोक. थेंब थेंब पाणी आत येतं, आणि चोवीस मिनिटांनी वाटी बुडते. बुडाली की मुहूर्त! मग "सावधान", मग शेवटच्या अक्षता, मग माळा. ती बुडेपर्यंत मंगलाष्टकं म्हणत राहायची.

भटजींनी सूर्याकडं बघून वाटी सोडली आणि पंचा नीट करायला वळले. येसबा बोहल्यापाशी उभा होता. मुंडावळ्या बांधलेला. त्याला घंगाळ दिसलं. वाटी दिसली. तरंगत होती. भोक होतं. पाणी आत येत होतं.

त्यानं इकडंतिकडं बघितलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यानं ओवाळणीच्या ताटातल्या कणकेच्या दिव्याचा एक तुकडा मोडला. वाटी उचलली, पाणी ओतून टाकलं, भोक बुजवलं आणि वाटी हळूच पुन्हा सोडली. मग हात पुसून शहाण्यासारखा उभा राहिला.

सुगंधा आली. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. मुहूर्त अकरा चाळीसचा.

बारा वाजले. वाटी तरंगत होती.

रंगराव म्हणाले, "भटजी, वेळ होऊन गेली."

"तुमची घड्याळं पुढं आहेत," भटजी म्हणाले. "घटिका खोटं बोलत नाही. आमच्या पणजोबांची आहे."

सतरा जणांनी आपापली घड्याळं कानाला लावली. सगळी चालू होती. सगळी सारखीच वेळ दाखवत होती. पण भटजींपुढं कोण बोलणार? काहींनी तर काटे मागं फिरवले.

एक वाजला. मंगलाष्टकं चौथ्यांदा संपली आणि पाचव्यांदा सुरू झाली. बँडवाल्यांना येत होतं ते सगळं वाजवून झालं. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, दुसरे दोघे आले, मग तिसरे. अक्षता संपल्या. बायकांनी कोठीतून तांदूळ आणले. तेही संपले. अडीचच्या सुमाराला आचारी धावत आला. "अहो, पंगतीच्या भाताचे तांदूळ टाकले तुम्ही नवरानवरीच्या डोक्यावर! आता वाढू काय?"

भटजींचा घसा बसला होता. नुसते ओठ हलत होते. वाटी मजेत तरंगत होती.

अंतरपाटापलीकडून सुगंधानं हळूच हाक मारली, "अहो, ऐकलं का? ही वाटी बुडत कशी नाही?"

"नाहीच बुडणार," येसबा मोठ्यानं म्हणाला. "भोक होतं. मी बुजवलं. थोडक्यात वाचली."

कुमुदबाईंनी तोंडावर पदर घेतला. येसबाची आई मटकन खाली बसली. रंगराव पुढं झाले. "वऱ्हाड परत! आत्ताच्या आत्ता!"

तेवढ्यात सुगंधानं स्वतःच अंतरपाट बाजूला सारला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बाबा, थांबा. तीन तास अख्खा मांडव वाटीकडं बघतोय. सतरा घड्याळं सांगतायत. एकानं तरी ती उचलून बघितली? ह्यांनी एकट्यानं उचलून बघितली. मला हाच नवरा पाहिजे."

रंगरावांनी भटजींकडं बघितलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. त्यांनीही काटे मागं फिरवले होते. ते त्यांनी गुपचूप पुन्हा पुढं केले.

भटजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गोरज मुहूर्त आहे. तो साधू." संध्याकाळी गुरं घरी फिरायच्या वेळेला पुन्हा वाटी सोडली. ह्या वेळी उघड्या भोकाची. पुन्हा अंतरपाट धरला. भटजी घसा शेकायला गरम पाणी पीत पाठमोरे बसले.

सुगंधानं येसबाला निक्षून सांगितलं, "आता वाटीला हात लावायचा नाही. ती बुडायलाच पाहिजे. बुडाली की आपलं लग्न लागलं."

"बुडायलाच पाहिजे?"

"हो. जितक्या लवकर तितकं बरं. पाय दुखतायत माझे."

येसबानं विचार केला. उपाशी मांडवाचे डोळे पंगतीकडं लागले होते. पूजेचा पाण्यानं भरलेला तांब्या उचलला आणि वाटीत ओतला. वाटी बुडुक झाली.

भटजी ताडकन वळले. बघतात तो वाटी तळाला! "घटिका भरली! शुभमंगल सावधान!" बँड वाजला. खाली सांडलेलेच तांदूळ पुन्हा उडाले. माळा पडल्या. लग्न लागलं.

रंगराव घड्याळाकडं बघत पुटपुटले, "पाचच मिनिटं झाली." पण दिवसभराच्या उपाशी माणसांनी त्यांना तसंच पंगतीकडं ढकललं.

सुगंधा नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "काय केलंत?"

"हात नाही लावला. तांब्या रिकामा केला."

तिनं ओठ दाबून हसू आवरलं. "बरं. आता हे आपण होऊन कुणाला सांगायचं नाही. नाहीतर मुहूर्त चुकला म्हणून भटजी सगळं पहिल्यापासून करायला लावतील."

"आपण होऊन नाही सांगणार," येसबा म्हणाला.

आणि नाहीच सांगितलं. पंगतीत तो नुसता ज्याच्या त्याच्या पानापुढं जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "मला विचारा की, वाटी कशी बुडाली."

पहिला गेला तो अनंतभटजींच्याच पानापुढं.