सुतकात म्हटलेले लग्नातले गाणे

उद्धवनाथ महाराज त्या वर्षी कोळथडीला मुक्कामी होते. गाव नदीकाठी, आणि गावकऱ्यांची खोड अशी, की घर पेटले तरी आधी पाणी कोणी आणायचे यावर वाद घालतील. महाराजांनी ही माणसे चार महिने सोसली, हाच त्यांचा पहिला चमत्कार धरायला हरकत नाही.

पुराने बांध फोडला, खालची आळी नेली, अकरा माणसे नेली. चौथ्या दिवशी आभाळ पुन्हा भरले. सांजेच्या आत बांधाचे खिंडार बुजले नाही, तर वरची तीस घरेही जाणार होती. पुरुष माती टाकत होते, बाया धुम्मस घेऊन ती चोपत होत्या. पण एकीचे धुम्मस वर, तर दुसरीचे खाली. डोळे सगळ्यांचे नदीकडे. माती बसेना.

"अरे, ठेका धरा, काहीतरी म्हणा," महाराज वैतागून म्हणाले. "मुके हात जुळतात का कुठे?"

पुतळाबाई बुरडीण पुढे आली. महाराजांचे अंगण रोज तीच झाडी. "मला लग्नातली टिंगलगाणीच येतात, महाराज. चालतील?"

नरसोपंत जोशी कडाडले, "सुतकात? अजून सहा दिवस आहेत. माझा सख्खा भाऊ गेलाय, पुतळे. टोपल्या विणाव्यात, अक्कल पाजळू नये."

"सहा दिवस थांब म्हणून नदीला कळवलंय का, पंत?" महाराजांनी हातातली काठी बांधावर रोवली. "म्हण गं बाई."

पुतळाबाईने धुम्मस उचलले. अशा गाण्यात पंगतीतल्या माणसाचे नाव घालायची रीत. तिने नेमके बुडालेल्या भावाचेच घातले.

"यादोपंत आले जेवायला,
चौघे लागले वाढायला,
लाडू सरले, द्रोण उरले,
पंत द्रोण चावत बसले."

सगळ्यांचे हात थबकले. नरसोपंत तिच्या अंगावर धावले, आणि मध्येच चिखलात मटकन बसले.

"खाल्ला होता त्यानं," ते म्हणाले. "माझ्याच लग्नात. पैज लावून."

ते हसले. चार दिवस न आलेले रडू त्या हसण्यातून फुटले. एक म्हातारी फिसकन हसली, मग तिची सून, आणि दुसऱ्या कडव्याला सगळी धुम्मसे एकदम पडली.

सांजेला लोंढा आला. पाणी बांधावर चढत महाराजांच्या काठीच्या बुडाशी टेकले आणि तिथूनच ओसरू लागले. वरचे एकही घर भिजले नाही.

नरसोपंत महाराजांच्या पाया पडायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नाही. तिकडे."

पंतांनी सगळ्या गावादेखत पुतळाबाईच्या चिखलभरल्या पायांवर डोके ठेवले. "तिसरं कडवं राहिलंय, बाई," ते म्हणाले. "त्याचं नाव घालूनच म्हण."