झाकलेला वेल

पूर्वी गोदावरीच्या काठी पुष्करपूर नावाचे नगर होते. तेथे जयसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने भुंग्याच्या योनीत जन्म घेतला होता. नगरातल्या विणकरआळीत दोन भावांची घरे एकमेकांना लागून होती. मागच्या बाजूला दोघांचे परस होते आणि मध्ये निरगुडीचे दाट कुंपण. थोरल्याच्या परसात कोहळ्याच्या वेलासाठी वेळूचा मांडव घातलेला होता. त्या मांडवाच्या एका खांबाला नीट गोल भोक पाडून हा काळा भुंगा राहत असे.

थोरल्या भावाच्या बायकोचे नाव भद्रिका. तिच्या धाकट्या जावेचे नाव उत्पला. या घराण्याचा एक यक्ष होता. यक्ष म्हणजे काय, तर हातभर उंचीचा एक काळा दगड, त्याला डोळे काढलेले आणि पोट जरा पुढे आलेले. घराण्याचा रिवाज असा की आश्विनात ज्या सुनेच्या वेलाचा पहिला पिकलेला कोहळा यक्षापुढे येईल, तिच्या परसात यक्षाने वर्षभर बसायचे. आणि जिथे यक्ष तिथे सासू, कारण सकाळ-संध्याकाळ त्याला पाणी घालायचे काम तिचे.

उत्पला लग्न होऊन येईपर्यंत यक्ष कधी भद्रिकेच्या परसातून हलला नव्हता. गेल्या आश्विनात तो कुंपणापलीकडे गेला आणि त्याच्या मागोमाग सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आपले अंथरूण आणि तेलाची वाटी घेऊन गेल्या.

दगड गेल्याचे भद्रिकेला फारसे वाटले नाही. वाटीचे वाटले. ती लहानपणीच आईवेगळी झालेली पोर. सून म्हणून या घरात आली तेव्हा तिच्या केसांत जटा होत्या आणि त्या सोडवायला तोवर कोणी बसले नव्हते. आत्याबाई बसल्या. त्यानंतर रोज दुपारी माग थांबले की त्या तिच्या डोक्याला तेल चोळीत आणि आळीतल्या सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढीत. आता ते सगळे पलीकडे चालले होते. कुंपणाआडून आत्याबाईंचे हसणे ऐकू येई आणि त्यात उत्पलेचे हसणे मिसळलेले असे. भद्रिका मग कुंपणाकडे पाठ करून सूत उकलीत बसे आणि सुताची गुंतवळ आणखीच वाढवून ठेवी.

हळूहळू तिला उत्पलेचे सगळेच खुपू लागले. पाऊस दोन्ही परसांत सारखाच पडे, तरी तिला वाटे पलीकडे जरा जास्त पडतो. बुलबुल तिच्या डाळिंबावर बसून उत्पलेच्या डाळिंबावर उडाला की तिला तो फितूर वाटे. खार, शिंजीर, फुलपाखरे, सगळ्यांच्या येण्याजाण्यावर तिची नजर असे. श्रावणात तिच्या कोहळ्याला पिवळीधमक फुले आली. सकाळी ऊन पडताच मधमाश्या आल्या आणि खांबातला भुंगा गुणगुणत बाहेर पडला. भद्रिका हात कमरेवर ठेवून बघत राहिली. भुंगा तिच्या फुलांत लोळला, अंगभर पिवळी धूळ माखून घेतली आणि सरळ कुंपणावरून उत्पलेच्या वेलावर गेला.

“असं आहे तर,” ती स्वतःशीच म्हणाली. “माझ्या फुलांचं सत्त्व हा तिकडे नेऊन ओततो. म्हणून तिला फळं!”

दुसऱ्या कोणाला हे सुचले असते तर तो फार तर दोन दिवस कुढला असता. पण ही विणकराची बायको. हिच्या घरात कापडाला तोटा नव्हता. तिने मागावरून उतरलेले, श्वासाने हलेल इतके तलम कापड काढले आणि मांडवावरून खालपर्यंत सोडून कडेने दगड ठेवायला घेतले.

“अगं, ते पाहुण्यांच्या पागोट्यांचं कापड आहे,” तिचा नवरा म्हणाला.

“पाहुण्यांना डोकी झाकायला पुष्कळ मिळेल. माझ्या वेलाला कोण आहे?”

नवऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि तो मुकाट्याने मागावर जाऊन बसला.

दुपारी भुंगा परत आला तो कापडावर आपटला. त्या काळी प्राणी माणसांशी बोलत आणि माणसांना त्याचे नवल वाटत नसे, त्यामुळे भद्रिका दचकली वगैरे नाही. उलट ती वाटच बघत होती.

“बाई, माझं घर आत राहिलं,” भुंगा म्हणाला.

“मग जा की तिच्याकडे. रोज तिथंच तर जातोस.”

“जातो. आणि तिथून इकडेही येतो. एका फुलाचं दुसऱ्या फुलाला पोचवणं एवढंच माझं काम. तू दार लावून घेतलंस तर तुझ्या फुलांना भेटायला कोण येणार?”

“माझ्या फुलांना कोणी भेटायला नको. माझं आहे ते माझ्याजवळ राहू दे.”

दुसऱ्या भुंग्यांनी त्याला सांगितले, उत्पलेच्या गोठ्याला कोरडा वासा आहे, तिथे घर कर, वर मधही भरपूर मिळेल. ही बाई आपल्या करणीनेच शहाणी होईल. बोधिसत्त्व म्हणाला, “होईल. पण तोवर फार गमावून बसेल.” आणि तो निरगुडीच्या पानाखाली, कुंपणातच राहिला.

भाद्रपदात झड लागली. दिवसचे दिवस आभाळ उघडेना. सूत वाळेना, सुताला लावायची खळ आंबून गेली. अशा एका उघडिपीत उत्पला कुंपणापाशी आली आणि टाचा उंचावून म्हणाली, “अक्का, ऐकलंत का? तुमचा तो वेल…”

भद्रिकेने हंडा असा आपटला की पुढचे शब्द त्यात बुडून गेले. वेलाचे नाव काढायला ही आलीच! मग तिने कापड आणखी ओढून घेतले, दगड आणखी जड ठेवले आणि आत निघून गेली. उत्पला परतली.

कापडाखाली वेल पसरत होता, फुलत होता. फुलांच्या पोटाशी बोटाएवढी कोवळी फळे धरत, भद्रिका ती बघून हरखे, आणि चार दिवसांत ती पिवळी पडून गळत. ती मुळाशी शेण घाली, ताक घाली, यक्षाचे नाव घेऊन राख फुंके. फळे गळतच राहिली. आपण काही चुकलो असे तिच्या मनात आले नाही. तिच्या मनात आले, हिनेच दृष्ट लावली.

आश्विन लागला तेव्हा एका सकाळी तिने निरगुडीची पाने बाजूला सारून पलीकडे पाहिले. कुंपणाला लागूनच, जुन्या लुगड्याच्या झोळीत, घागरीएवढा कोहळा लोंबत होता. त्याच्यावर पांढरी राख धरली होती, म्हणजे पिकायला आला होता. शेजारी आत्याबाई उभ्या होत्या आणि लहान मुलाच्या गालावरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवीत होत्या.

“किती देखणा झाला गं हा!” त्या म्हणाल्या.

भद्रिकेच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणखी एक वर्ष. आणखी एक वर्षभर ती वाटी पलीकडे, ते हसणे पलीकडे, आणि आपण इकडे पाठ करून बसायचे. त्या दिवशी तिला जेवण गेले नाही.

दुपारी उत्पला सूत धुवायला नदीवर गेली. आत्याबाईंचा डोळा लागला होता. दोन्ही घरांतून मागांचा खटखटाट येत होता. भद्रिका विळा घेऊन कुंपणातून पलीकडे शिरली. कोहळा तोडायचा तिचा विचार नव्हता. तोडला तर चोरी दिसली असती. तिला फक्त वेल कापायचा होता, म्हणजे फळ देठातच सुकून जाईल आणि लोक म्हणतील, झडीने गेला. निरगुडीतून जिथे तो जाड वेल बाहेर आला होता तिथे तिने विळा टेकवला.

त्याच जागी भुंगा येऊन बसला.

“बाई, कापण्याआधी याचं मूळ बघ.”

“तिच्या वेलाचं मूळ मी कशाला बघू?”

“बघ तरी.”

“सरक तिथून. नाहीतर तूही जाशील.”

“बघितलंस तर सरकतो.”

तिने विळा ओढला. भुंगा उडून जाईल असे तिने धरले होते. तो उडाला नाही. शेवटच्या क्षणी तिचा हात कचरला, पाते घसरले, वेलाची नुसती साल निघाली आणि भुंग्याचा एक पंख तुटून मातीत पडला.

भुंगा ओरडला नाही की तिला डंख मारायला धावला नाही. त्याला आता उडता येत नव्हते, म्हणून तो चालू लागला. तो घरी निघाला होता. त्याचे घर भद्रिकेच्या मांडवाच्या खांबात, आणि वाट होती ती या वेलावरूनच. एका कडेला कलंडत, थांबत, पुन्हा सावरत तो वेलावरून निरगुडीत शिरला. भद्रिकेला काय वाटले कोण जाणे, ती फांद्या सारीत त्याच्या मागे गेली. वेल कुंपणातून खाली उतरला. भुंगाही उतरला. वेल दोन दगडांच्या फटीतून तिच्याच कापडाखाली गेला. तिने कापड उचलले. भुंगा चालत होता, आणि त्याच्या पायाखालचा वेल मांडवाच्या कडेने जाऊन जिथे मातीत शिरत होता तिथे ताक ओतल्याचे पांढरे डाग होते.

ते तिचे स्वतःचे मूळ होते. कापड घालण्याआधी की नंतर, एक शेंडा कधीतरी फटीतून निसटला होता, आणि जो निसटला त्यालाच फळ धरले होते.

भद्रिका तिथेच मातीत बसली. तिला रडू येत होते आणि लाजही वाटत होती, आणि दोन्हींत जास्त काय ते तिला कळत नव्हते.

ओल्या सुताचा पिळा खांद्यावर घेऊन उत्पला परत आली. तिने वेलाची निघालेली साल पाहिली, मातीतला विळा पाहिला, मग कुंपणातून वाकून जावेकडे पाहिले.

“तुला ठाऊक होतं?” भद्रिकेने विचारले.

“तेच सांगायला आले होते अक्का. तुम्ही हंडा आपटलात.”

“आणि तुझा वेल?”

“माझा झडीतच कुजला. मुळापाशी पाणी साचलं.”

“मग हा तुझाच म्हणून पुढे केला असतास, तर कोणाला कळणार होतं?”

उत्पलेने सुताचा पिळा खाली ठेवला. “मनात आलं होतं एकदा. खोटं कशाला बोलू? पण रोज सकाळी त्याला बघायला जायचे ना, बघता बघता बरंच वाटायला लागलं. तुमचा असला म्हणून काय झालं, वाढत तर होता. पावसानं देठ तुटेल असं वाटलं म्हणून झोळी बांधली.”

भद्रिकेने उठून मांडवावरचे सगळे कापड ओढून काढले.

पुढे कोहळा यक्षापुढे आला. वेल कोणाचा, असे आत्याबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारले. उत्पलेने भद्रिकेकडे बोट दाखवले. भद्रिका म्हणाली, “मूळ माझं आहे आत्याबाई, पण मी ते कोंडून घातलं होतं. फळ राखलं ते हिनं. विळा मी नेला होता, तेही ऐकून ठेवा. यक्ष हिच्याकडेच राहू दे.”

आत्याबाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिले आणि यक्ष होता तिथेच ठेवला.

भद्रिकेचा मत्सर त्या दिवशी समूळ गेला असे नाही. दुपारी माग थांबले, पलीकडून हसणे ऐकू आले, आणि तिच्या पोटात दुखलेच. पण आज ती कुंपणाकडे तोंड करून बसली होती. जरा वेळाने निरगुडी हलली आणि फांद्यांतून आधी तेलाची वाटी आली, मग आत्याबाई आल्या.

“बस खाली,” त्या म्हणाल्या. “यक्षाला पाणी घालायचं असतं. दिवसभर त्याच्यापाशी बसून राहावं लागत नाही.”

“मग वर्षभर का नाही आलात?” भद्रिकेने विचारले.

“दोनदा आले होते वाटी घेऊन. तू पाठ केली होतीस. मला वाटलं, सुनेला आता माझी गरज उरली नाही.”

भद्रिका त्यांच्या मांडीवर डोके टेकून मनसोक्त रडली, आणि आत्याबाई तेल चोळत राहिल्या.

भुंगा आपल्या खांबात परतला होता. पुन्हा उडणे त्याला जमणार नव्हते. भद्रिका रोज सकाळी वेलाचे एक ताजे फूल तोडून त्याच्या दाराशी ठेवी, आणि आपले फूल ठेवून झाले की उत्पलेला हाक मारी, कारण दुसरे फूल पलीकडच्या परसातले लागे. थंडी पडून वेल वाळू लागेपर्यंत दोघी जावांनी हे चालवले. मग एका सकाळी दाराशी ठेवलेली दोन्ही फुले तशीच राहिली.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली तेव्हा समोर सुव्रता नावाची एक ज्येष्ठ भिक्षुणी बसली होती. तिच्या धाकट्या सोबतिणीचे, खेमिकेचे प्रवचन ऐकायला लोक जास्त येऊ लागले, म्हणून तिने खेमिकेशी बोलणे टाकले होते. शास्ते म्हणाले, “त्या वेळची भद्रिका ती ही सुव्रता. उत्पला ती खेमिका. आत्याबाई म्हणजे विहारात रोज पेज घेऊन येणारी ती म्हातारी उपासिका. आणि वेलावरून चालत घरी गेलेला भुंगा तो मीच होतो.”

सुव्रता खाली मान घालून उठली आणि खेमिकेशेजारी जाऊन बसली. दुसऱ्याच्या परसात वाढणारे फळ बघून ज्याला बरे वाटते त्याच्या त्या गुणाला मुदिता म्हणतात.