लहानूच्या सायकलीच्या नव्या रिमा

उंबरदरी गावाच्या वाट्याला एक भोळा माणूस आला होता. नाव लहानू, उंची सहा फूट. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. जसं सांगितलं तसंच्या तसं करत असे, आणि गावाची अडचण तीच होती.

लहानूकडं लांबच्या प्रवासाची एक सायकल होती. शाळेवरचे सोनटक्के गुरुजी सुट्टी लागली की तिच्यावर बसून मुलूख पालथा घालत. पुढं दिवा, मागं कॅरिअर, दोन्ही अंगांना पिशव्या. पुढं गुरुजींचे गुडघे धरले तेव्हा त्यांनी ती लहानूला देऊन टाकली आणि हिला घरच्या माणसासारखी वागव म्हणून सांगितलं. त्या दिवशी दुपारी लहानूनं सायकलीपुढं ताट वाढलं. ती जेवली नाही, तेव्हा नवीन जागा आहे, लाजत असेल म्हणाला.

लहानूची बायको सगुणा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. तिला मुलगी झाली. रविवारी बारसं आहे, काहीही करून या, असा निरोप आला. सगुणाचं माहेर घाटाखाली, पन्नास किलोमीटरवर. लहानूनं सायकलनं जायचं ठरवलं आणि गुरुवारी तो बाजारपेठेत गफूरभाईंकडं सायकल दाखवायला गेला.

गफूरभाई सायकलवाले. वीस वर्षांचा हात, पण नेमका तोच हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. त्यांनी डाव्या अंगठ्यानं रिमेची कड चाचपली. ब्रेकचे रबर घासून घासून दोन्ही रिमा पत्र्यासारख्या पातळ झाल्या होत्या. या रिमांवर घाट उतरलास तर चाक वाटेतच फुटेल, ते म्हणाले. नव्या रिमा घेऊन ये, मी सांगतो तसं तूच बसव. छत्तीस भोकांच्या आण, कमी नको, जास्त नको.

लहानू सायकलीच्या सामानाच्या दुकानात गेला आणि मोकळ्या हातानं परत आला.

"दुकानदार फसवा आहे," तो म्हणाला. "मी सगळ्या रिमा मोजल्या. प्रत्येकीला सदतीस भोकं."

गफूरभाईंनी डोळे मिटले. मग समजावलं, की छत्तीस भोकं तारांची आणि एक हवा भरायच्या नळीचं. मोजताना एक भोक सोडून द्यायचं असतं. लहानूनं मान डोलावली. तोवर दुकान बंद झालं होतं, म्हणून तो घराकडं निघाला. आईनं नवा माठ आणायला सांगितला होता, तोही त्यानं घेतला.

आईनं माठात पाणी ओतलं. घरभर झालं. तिनं माठ उलटा करून पाहिला तर बुडाला बोटभर भोक. घेताना दिसलं नाही का, असं तिनं विचारलं. लहानू म्हणाला, दिसलं की, पण एक भोक सोडून द्यायचं असतं.

आई शांत बाई होती. लहानूच्या आईला तसं राहावंच लागे. तिनं फडक्यानं पाणी टिपलं आणि सांगितलं, की बाबा, भोक दिसलं की ते सोडायचं नसतं, बुजवायचं असतं. चांगलं घट्ट बुजवायचं.

शुक्रवारी लहानूनं दोन रिमा घेतल्या. उन्हात धरून पाहिल्या तर आरपार भोकंच भोकं. आईची शिकवण ताजी होती. रस्त्याच्या कडेला बसून त्यानं चिकणमाती मळली आणि एकेक भोक बुजवलं. सदतीस एका रिमेची, सदतीस दुसरीची. वरून अंगठ्यानं गुळगुळीत केली, उन्हात कडक वाळवली आणि मगच गफूरभाईंकडं आणली. एवढं नीट काम आपण कधी केलं नव्हतं, असं त्याला वाटत होतं.

गफूरभाईंनी एक रिम उजेडाला धरून पाहिली. मग त्यांनी लहानूच्या हातात एक खिळा दिला. माती कोरून काढण्यात शुक्रवार संपला.

शनिवारी सकाळी खरं काम सुरू झालं. नवी रिम जुनीला खेटून बांधायची. जुनीतली एक तार सोडवायची, ती लगेच नवीच्या त्याच भोकात घालायची, मग पुढची. सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत, नाहीतर तारांचा गुंता होईल. लहानूनं हे अगदी बिनचूक केलं. दोन्ही चाकं जेवणाच्या आधी झाली. गफूरभाईंना इतका आनंद झाला की ते बेसावध झाले.

"आता चाकाचा आउट काढ," ते म्हणाले.

लहानूनं चाक उचललं आणि दुकानाच्या आउट, म्हणजे रस्त्यावर नेऊन ठेवलं. गफूरभाईंनी ते परत आत आणायला लावलं. आउट काढायचा म्हणजे चाकाचं वाकडेपण काढायचं. चाक फिरवायचं आणि डोळा लावून बसायचं. डावीकडं झुकत असेल तर उजवीकडची तार आवळायची. उजवीकडं झुकत असेल तर डावीकडची. लहानूनं दुपारभर तारा आवळल्या. चाकं अशी सरळ फिरू लागली की गफूरभाईंनी कौतुकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, की रिम ब्रेकनं झिजते, तिला जपलंस तर पुष्कळ वर्षं जाईल.

रविवारी उजाडताच लहानू निघाला. पिशवीत बाळाचं झबलं, आईनं दिलेले डिंकाचे लाडू. सायकल वाऱ्यासारखी पळत होती. वाटेत एक कडब्याची बैलगाडी लागली. गाडीवान झाडाखाली भाकरी खात होता. गाडी डावीकडं झुकलेली लहानूला लांबूनच दिसली. तो उतरला, एक डोळा मिटून त्यानं नीट पाहिलं, आणि उजवीकडचा दोर धरून अंगातलं सगळं बळ लावून आवळला. गाडी सरळ झाली. मग उजवीकडं झुकली. मग उजवीकडं आडवी झाली. बैल सोडलेले होते म्हणून बरं.

गाडीवान भाकरी हातात घेऊनच आला. लहानूनं त्याला आउट काढायची रीत सांगितली. दोघांनी मिळून कडबा पुन्हा रचला, त्यात दोन तास गेले. निरोप घेताना गाडीवान म्हणाला, "पाव्हणं, एक ध्यानात ठेवा. दुसऱ्याच्या ओझ्याला हात लावू नये. आपलं ओझं असंल ते उचलावं."

दुपारी घाट आला. लहानूनं उतार पाहून ब्रेक दाबला. रबर रिमेवर घासल्याचा आवाज झाला, आणि तो आवाज त्याच्या काळजाला लागला. असा सबंध घाट घासला तर रिमांचं काय राहणार? ब्रेक लावावा तर रिम झिजते, न लावावा तर आपण दरीत. तो उतरून दगडावर बसला. विचार करता करता त्याला गाडीवान आठवला. मग त्यानं सायकलीकडं पाहिलं. ही काही दुसऱ्याची नव्हती.

त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि घाट उतरू लागला.

घाट संपला तरी त्यानं ती खाली ठेवली नाही. खालच्या रस्त्यावर शेळ्या होत्या, शेळ्या आडव्या आल्या की ब्रेक लावावा लागतो.

तिकडं सासरवाडीत पाळणा सजून सकाळपासून तयार होता. घुगऱ्या शिजून थंड झाल्या होत्या. बाया वाट बघून कंटाळल्या होत्या. सगुणा बाळाला मांडीवर घेऊन दाराकडं नजर लावून बसली होती आणि मनात नाही नाही ते येत होतं. ऊन कलल्यावर लहानू सायकलीखालून आत आला. सगुणानं आधी देवाचं नाव घेतलं, मग त्याला बाजूला ओढून सायकल मोडली का म्हणून विचारलं.

"मोडतेय कशाला? दोन्ही रिमा नव्या आहेत."

"मग बसून का नाही आलात?"

"बसलो असतो तर झिजल्या असत्या."

सगुणानं त्याच्या सोललेल्या खांद्याकडं पाहिलं. तिला हसूही आलं आणि रडूही. ती त्याच्या कानाशी लागून म्हणाली, की सायकल खांद्यावर आणली हे माझ्या माहेरी कुणाला सांगू नका. लहानू ओसरीवर गेला आणि जमलेल्या मंडळींना म्हणाला, की सायकल मी खांद्यावर आणली हे कुणाला सांगायचं नाही, असं सगुणानं सांगितलंय.

मंडळी पोट धरून हसली. सगुणा लाल झाली. तिनं त्याला पुन्हा आत नेलं आणि बजावलं, "कानात सांगितलेली गोष्ट कानातच ठेवायची असते. चारचौघांत बोलायची नसते. जीव गेला तरी नाही."

लहानूनं हे मनावर घेतलं.

मग बारशाला सुरुवात झाली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण लहानूला बहीण नव्हती. सासूबाई म्हणाल्या, जावईबापूंनीच नाव ठरवावं आणि त्यांनीच सांगावं. लहानू पाळण्यावर वाकला. आपली एवढीशी मुलगी तो पहिल्यांदाच पाहत होता. त्यानं तोंड तिच्या कानाजवळ नेलं, कुर्रर्र केलं आणि हळूच नाव सांगितलं. बायांनी रीतीप्रमाणं त्याच्या पाठीत धपाटे घातले. मग सगळ्या त्याच्याकडं बघू लागल्या.

लहानूही त्यांच्याकडं बघू लागला.

सासूबाईंनी विचारलं, नाव काय ठेवलं. लहानूनं मान हलवली. मेहुण्यानं विचारलं. त्यालाही मान हलवली. सगुणानं हात जोडले, तेव्हा त्यानं तिला समजुतीच्या सुरात सांगितलं, की तुझीच शिकवण आहे, आणि मी एकदा ऐकलेलं विसरत नाही. शेवटी सासूबाई रडकुंडीला आल्या. अहो, पण पोरीला हाक कशी मारायची, त्या म्हणाल्या.

लहानूला त्यांची दया आली.

"काळजी करू नका," तो म्हणाला. "नाव तिला माहीत आहे. बोलायला लागली की तिलाच विचारा. सांगायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल."