पाकातली तहान

"आवळे ताजे होते म्हणतेस, मग त्यांचं असं चामडं कसं झालं?"

तेजभारतीने मठाच्या ओसरीवर सगळ्यांसमोर मला हे विचारलं. मी म्हटलं, ताजेच होते, माझ्या हाताने तोडून दिले. कुणाला पटलं नाही. एकालाही नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले, पुरुषांनी माना हलवल्या. ज्यांच्या पोरांना खोकल्यात मी याच झाडाचा मोरावळा चाटवला, त्यांनीसुद्धा.

मोरावळ्याची बरणी मधोमध ठेवली होती. पाक सोन्यासारखा. आत आवळे... म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखे. आकसलेले, सुरकुतलेले.

"झाडच किडलंय आतून," तेजभारती म्हणाला. "तोडून टाका."

झाड मठाच्या बांधावर आहे, पण लावलं मी. पाणी घातलं मी, शेळ्या हाकलल्या मी. मला मूलबाळ झालं नाही. झाड झालं.

बाळकू कुऱ्हाड घेऊन आलाच होता. मी खोडाला पाठ लावून उभी राहिले.

"बाळकू, तुझ्या बायकोच्या बाळंतपणात उशाशी कोण बसलं होतं रे? घाल कुऱ्हाड. बघू दे मला."

बाळकू पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला.

आवाज ऐकून मठाचे गुरू बाहेर आले. त्यांचं नाव सदाभारती. आम्ही बाबा म्हणतो, नाव कुणी घेत नाही. तेजभारती त्यांचाच चेला.

"हौसा, ओरडतेस का?"

"कोण ऐकत नाही म्हणून."

"मग हळू बोल. मी ऐकतो."

सांगितलं सगळं. बाबांनी बरणीतला एक आवळा काढला, दाबला, चेल्याकडे वळले.

"मोरावळा कुणी केला?"

"मी," तेजभारती ताठ मानेने म्हणाला. "यंदा बायकांच्या हाती दिलाच नाही. यांचं आपलं आज थोडी साखर, उद्या थोडी साखर, आठवडाभर भांडी अडकून पडतात. मी एका बैठकीत दाट पाक केला, आवळे टोचले, कच्चेच आत सोडले."

"दाट पाक!" मी ओरडले. "ऐका! दाट पाकात टाकले याने!"

"त्यात काय बिघडलं?" तो हसला. "पाक ओला असतो, मावशी. ओल्यात ठेवलेली वस्तू सुकते का कधी? उन्हात ठेवले होते का मी?"

लोक हसले. पातळ पाकापासून करायचं हे सासूने शिकवलं होतं. का, ते तिनेही सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

बाबा चेल्याला म्हणाले, "आ कर."

"काय?"

"आ कर. आणि गिळू नकोस."

बरणीतला पाक त्यांनी पळीने त्याच्या तोंडात ओतला. गाल फुगेपर्यंत.

मग बाबा त्याच्या तोंडाकडे बघत बसले. आम्हीही...

तेजभारतीचे डोळे इकडे तिकडे फिरू लागले. कपाळावर आठ्या आल्या. शेवटी त्याने तांब्याकडे बोट केलं.

"काय हवं?"

त्याने कसाबसा पाक गिळला. "पाणी! तोंडाला कोरड पडली."

"तोंड ओल्याने भरलं होतं ना?"

आता कुणी हसलं नाही. मी हसले.

बाबांनी तो आवळा तळहातावर धरला. "याच्या आत खोल्या आहेत. मधाच्या पोळ्यात असतात तशा, पण डोळ्याला दिसणार नाहीत इतक्या बारीक. प्रत्येक खोलीला जिवंत पडदा. पाणी त्या पडद्यातून आत-बाहेर करतं. जिकडे पाणी कमी, तिकडे जास्त जातं. त्याला कुणी ढकलत नाही, कुणी हाक मारत नाही. साखरेला तो पडदा लवकर वाट देत नाही, ती फार सावकाश शिरते. आता, पाक दाट म्हणजे त्यात पाणी कमी. मग आवळ्याने काय केलं?"

"दिलं," मी म्हटलं. "जवळ होतं तेवढं सगळं देऊन बसला."

"आणि पातळ पाकात?" तेजभारतीने विचारलं. आवाज उतरला होता.

"पातळ पाक थोडं मागतो. आवळा तग धरतो, तोवर साखर आत पोचते. मग पाक थोडा दाट करायचा. मग आणखी थोडा."

"हे ऐकायला ठीक आहे, बाबा. पण झाड किडलेलं नाही कशावरून?"

"तूच तोड. तूच टोच. अर्धे तुझ्या पाकात टाक, अर्धे पातळ पाकात. कुऱ्हाड उद्यापर्यंत ओसरीवर राहू दे."

दुसऱ्या दिवशी गाव लोटलं. दोन वाडगे, एकाच फांदीचे आवळे. दाट पाकातले आकसून बरणीतल्यांचे भाऊ झाले होते. पातळ पाकातले गरगरीत, टचटचीत.

मी तो वाडगा घेऊन ओसरीभर फिरले. एकालाही सोडलं नाही.

"दाबा. दाबून बघा. काल माना हलवत होतात ना? आज बोटं हलवा!"

एकेकाने दाबलं. एकेकाने मान खाली घातली. बाळकूने कुऱ्हाड उचलली.

"कुठे रे?"

"म्हशीला चारा आणायचाय, काकी," म्हणाला आणि झाडाला वळसा घालून पळाला. सगळी ओसरी खदखदून हसली. माझं झाड उभं होतं, आणि त्याच्याहून ताठ मी उभी होते.

तेजभारतीने माझ्यापुढे हात जोडले. "चुकलं माझं, मावशी."

"मला काय सांगतोस? झाडाला सांग."

गेला की खरंच! बुंध्याला डोकं टेकवून आला आणि बाबांच्या पायाशी बसला.

"दोष माझा, बाबा. मी घाई केली."

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू मठात आलास तेव्हा दिवसभर गायचास. हल्ली गात नाहीस."

"वेळ कुठे मिळतो? मी आलो त्याच महिन्यात तुम्ही सगळे ग्रंथ हातात दिलेत. कोठाराच्या किल्ल्या दिल्यात. गादीशेजारचं आसन..."

तो मधेच थांबला.

"किल्ल्या हौसाकडे दे," बाबा म्हणाले.

"शिक्षा, बाबा?"

"नाही. पातळ पाक."

किल्ल्या माझ्या हातात आल्या. जड होत्या. मी कमरेला खोचल्या. पण माझं अजून भागलं नव्हतं.

"बाबा, काल माझं नाव चारचौघांत घेतलं होतं. आज दोषी कोण, तेही चारचौघांत सांगा. झाड नाही, मी नाही. मग हा ना?"

"हा नाही."

"मग कोण? नाव घ्या."

बाबा उठले. ओसरीच्या कडेला आले, सगळ्या गावापुढे हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"सदाभारती."