गेरू लावलेला खांब

घाटमाथ्यावरच्या एका लहानशा गावात थंडी नेहमीच कडक असायची, पण एका वर्षी तिने कहर केला. सकाळी गवतावरचं दव गोठलेलं दिसायचं. गोठ्यातल्या शेळ्या कुडकुडू लागल्या, तेव्हा सगळ्या गावाने त्यांना घरात घेतलं. माजघरातल्या खांबांना त्या बांधल्या, खाली पेंढा अंथरला आणि दारं लावून घेतली. हिवाळाभर माणसं, शेळ्या आणि चुलीचा धूर एकाच छपराखाली राहिले.

त्या गावात गेनूबा नावाचा शेतकरी होता. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या घराला कुणी काही म्हटलेलं त्याला खपत नसे. घर त्याच्या वडिलांनी बांधलेलं. माजघरातला मधला खांब तर एवढा जाड, की दोन्ही हातांच्या कवेत मावायचा नाही. आल्यागेल्याला गेनूबा तो खांब दाखवायचा आणि वर त्याच्यावर एक थाप मारायचा.

थंडी सरली. पाडवा तोंडावर आला. गेनूबाची लेक हौसा बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला मुलगी झाली होती. पाडव्याच्या चार दिवस आधी बारसं ठरलं. सासरची माणसं येणार, म्हणून घर नवं दिसायला हवं होतं. शेळ्या बाहेर गेल्या, पेंढा उचलला गेला आणि गेनूबा गेरूचं मडकं घेऊन बसला.

त्याची बायको सुंद्रा बाळंतिणीच्या खोलीतून डोकावली. "आवं, गेरू लावायच्या आधी खांबांची बुडं तेवढी बघा. हिवाळाभर शेळ्या मुतल्यात तिथं."

"माझ्या बापानं उभा केलेला खांब हाय त्यो," गेनूबा म्हणाला. झालं, विषय संपला.

पण गेरू लावता लावता त्याचं बोट खांबाच्या बुडात शिरलं. त्याने हात मागे घेतला. पुन्हा दाबून पाहिलं, तर लाकडाचा भुसाच हाताला आला. ओल्या पेंढ्यातून वाळवी खांबात चढली होती आणि तिने आतून सगळा खांब पोखरला होता.

खरं तर तेव्हाच सगळ्यांना हाक मारायची. पण गेनूबाच्या डोळ्यांपुढे व्याही उभे राहिले. दाराशी पाहुणे आणि घराला टेकू लावलेला, ही लाज कशी सोसायची? बारसं होऊ दे, मग बघू, असं त्याने मनाशी म्हटलं. चिखलाचा एक गोळा त्या भोकात दाबला आणि वरून गेरू फासला. खांब नव्या नवरदेवासारखा दिसू लागला.

बारशाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. मधल्या खांबावरच्या तुळईला पाळणा टांगला. गेनूबाचे व्याही केरबा ओट्यावर बसून घराचं कौतुक करत होते. म्हणाले, असं घर आमच्या पंचक्रोशीत नाही. एरवी गेनूबा फुगला असता. आज तो नुसती मान हलवत होता. त्याची नजर सारखी आत जात होती.

आत बायकांनी पाळण्याभोवती फेर धरून गाणं म्हणायला घेतलं. रिवाजाप्रमाणे बाळाच्या आधी कुंची घातलेला वरवंटा पाळण्यात ठेवला. पाळणा हलला. त्या हलण्याबरोबर खांबाच्या बुडाशी गेरूचा एक पोपडा सुटून खाली पडला. कुणाचं लक्ष नव्हतं. गेनूबाचं होतं. इतक्यात वरवंटा बाजूला झाला आणि हौसा बाळाला घेऊन उठली.

बायकांच्या घोळक्यात पुरुषाने जायचं नसतं. पण गेनूबा उठला आणि थेट पाळण्यापाशी गेला.

"हौसे, पोरीला ठिवू नगंस. ह्यो खांब पोकळ हाय. मला ठावं हुतं, अन् म्या त्येच्यावर गेरू फासला."

गाणं थांबलं. सगळ्यांसमोर, व्याह्यांसमोर गेनूबा मान खाली घालून उभा होता. सुंद्राने आधी हौसाला दंडाला धरून बाहेर काढलं, मग बाकीच्या बायका मुलांना घेऊन अंगणात आल्या.

ओट्यावरून उतरलेल्या केरबांना पटेना. एवढा जाड खांब कसा जाईल, असं ते म्हणू लागले. तेव्हा गेनूबाने चुलीपाशी असलेला पाटा उचलून पाळण्यात ठेवला. पाळण्याच्या दोरीला विहिरीचा दोर बांधला आणि अंगणात येऊन त्याने तो ओढला. पाळणा एकदा झुलला, दुसऱ्यांदा झुलला. मग खांब बुडातून वाकला, तुळई खाली आली आणि तिच्यामागून कौलांचा पाऊस पडला. धूळ दारातून बाहेर आली.

मग हौसाच्या कुशीत बाळाने जोरात टाहो फोडला, आणि तो ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हौसा रडत होती, हसत होती. शेजारणी आपापली पोरं चाचपून बघत होत्या. गेनूबाने हातातला दोर टाकून दिला. घराचं मधलं छप्पर गेलं होतं आणि त्याला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

सुंद्राने बाळाची दृष्ट काढली आणि नवऱ्याकडे वळली. "गेरू मातुर लई झ्याक लावला हुतासा," ती म्हणाली. त्यावर गेनूबालाही हसू आलं.

बारसं परसातल्या फणसाखाली झालं. शेजारून आणलेला पाळणा फांदीला टांगल्यावर आधी केरबांनी स्वतः फांदीला लोंबकळून पाहिलं. मुलीचं नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. गेनूबाने व्याह्यांपुढे हात जोडले आणि आमच्या घराची अब्रू गेली, असं म्हणू लागला. केरबांनी त्याचे हात धरले.

"पावणं, खांब काय, दुसरा मिळंल. नात कुटनं आणली असती?" एवढं म्हणून ते गाडी जुंपायला निघाले. जेवायला थांबा म्हणून सगळ्यांनी आग्रह केला, पण त्यांचा पाय ठरेना. "औंदा आमीबी घरात शेळ्या बांधल्या हुत्या," ते म्हणाले.

हे ऐकलं मात्र, अंगणातल्या गावकऱ्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. जो तो घुगऱ्या पदरात नाहीतर टोपीत घेऊन घराकडे पळाला. त्या संध्याकाळी गावात घराघरांतून खांब ठोकल्याचे आवाज येत होते. काही खांब चांगले निघाले, काही गेले होते, पण छपराखाली कुणी सापडलं नाही. पाडव्याला गुढ्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी टेकू लावलेल्या घरांपुढे, आणि त्याची कुणालाही लाज वाटली नाही. गेनूबाची गुढी तर अर्ध्या छपराच्या घरापुढे होती.

अजूनही त्या गावात थंडी सरली की आधी शेळ्या आणि पेंढा बाहेर काढतात. मग प्रत्येक खांबाच्या बुडाला विळ्याचं टोक टोचून बघतात. गेरूचं मडकं त्यानंतर उघडतात, आणि ते उघडायचा पहिला मान त्यासाठी आजोळी बोलावलेल्या गेनूबाच्या नातीला देतात.

तात्पर्य: कडक ऋतू सरला की घर सजवण्याआधी ते तपासावं, आणि दोष सापडला तर लाजेपोटी झाकू नये, कारण वेळेवर सांगितलेला दोष माणसं वाचवतो.