तिसऱ्या कलमातलं तट्टू

तट्टाला न्यायला शिपाई आले, तेव्हा हौसा त्याला भिजवलेले हरभरे चारत होती. शिपायांच्या हातात दोर होता आणि तोंडी कारभाऱ्यांचा हुकूम. मूर्ती पुरी झाली, आता करारातल्या तिसऱ्या कलमाप्रमाणे हे तट्टू किल्ल्याच्या तळघरात. किती दिवस? तर जन्मभर.

हौसाचा बाप येसू ओतारी डोक्याला हात लावून खाली बसला. कोळसा आणायचा, पितळ आणायचं, घडवलेल्या मूर्ती बाजाराला न्यायच्या, सगळं त्या एका तट्टाच्या पाठीवर चाललं होतं. शिवाय त्याची आई मेली तेव्हा हौसानेच त्याला वाटीवाटीने दूध पाजून वाढवलं होतं. तिचा त्याच्यावर फार जीव.

झालं होतं असं. राजे भुजंगरावांना स्वतःची घोड्यावर बसलेली पितळी मूर्ती हवी होती, आणि तशी दुसरी मूर्ती जगात कुणाकडे नको होती. शेजारच्या राजाने एकदा त्यांच्या समईसारखी हुबेहूब समई करून घेतली, तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखत होतं. म्हणून कारभारी अंताजीपंतांनी येसूशी पक्का करार केला. पहिलं कलम मातीच्या नमुन्याचं: काम होताच फोडावा. दुसरं मेणाच्या नमुन्याचं: वितळवावा. हे ऐकून येसूला हसू आवरेना. मेणाच्या नमुन्यावर मातीचा लेप देऊन भट्टीत घातला की मेण आपसूक वाहून जातं, आणि राहिलेल्या पोकळीत पितळ ओततात. त्याला कलम कशाला? पण पंतांना भट्टीतलं काय कळणार! या हसण्याच्या नादात तिसरं कलम ऐकायचं राहून गेलं. ‘ज्या जित्या नमुन्यावरून मूर्ती घडेल, तो नमुना काम संपताच जन्मभर तळघरात ठेवावा, म्हणजे दुसऱ्या कारागिराच्या दृष्टीस पडणार नाही.’ त्याखाली येसूचा अंगठा होता आणि शेजारी राजांचा शिक्का.

सरकारी घोडा काही नमुना म्हणून उभा राहीना. त्याने पहिल्याच दिवशी येसूच्या ओल्या मातीवर लाथ झाडली. मग येसूचं तट्टू उभं केलं. राजे मात्र त्याच्यावर बसले नाहीत, धान्याच्या गोणीवर बसले. त्यांच्या वजनाचा माणूस तट्टावर बसला असता, तर तळघराची गरजच उरली नसती.

शिपाई तट्टू आधी राजांना दाखवायला घेऊन निघाले, तशी हौसाही त्यांच्यामागून थेट दरबारात गेली. मध्यभागी नवी मूर्ती झळकत होती आणि मानकरी वाहवा करत होते.

“रडायला आली असशील तर परत जा,” राजे म्हणाले. “करार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आम्ही ती पुसत नाही.”

“पुसा असं मी कुटं म्हणते, सरकार? पुरती पाळा, एवढंच म्हणते. मूर्तीत खाली तट्टू हाय. वर कोण हाय?”

“वर आम्ही आहोत. दिसत नाही?”

“आन् बानं ते सरकारांना न बघताच घडवलं?”

“न बघता कसं? आठ दुपारी आम्ही त्या गोणीवर मांड ठोकून बसलो होतो. अजून पाठ धरते.”

“मंग जिते नमुने दोन झाले,” हौसा म्हणाली. “शिपायांना दोर एकच दिलाय.”

वाहवा करणारे मानकरी एकदम छताकडे पाहू लागले. अंताजीपंत पुढे धावले. “जीभ आवर, पोरी. ते कलम जनावरापुरतं आहे.”

“तसं लिवलंय का? वाचा की.”

पंतांनी करार वाचला. उलटून मागची बाजूही पाहिली. ‘जनावर’ हा शब्द कुठेच नव्हता. राजांच्या कपाळावर आठी चढली आणि पंतांना घाम फुटला. पण ते मुरलेले कारभारी, त्यांनी वाट काढलीच.

“सरकार, मूर्ती ज्याच्यासारखी होते तो नमुना. आता ही मूर्ती पाहा. ही बारीक कंबर, हे डोक्यावरचे दाट केस, ही रुंद छाती. ही मूर्ती आपल्यासारखी आहे असं कोण म्ह...”

पंतांनी जीभ चावली. पण उशीर झाला होता.

“बोला पंत,” राजे सावकाश म्हणाले. “थांबलात का?”

“पंतांचं खरं हाय,” हौसा म्हणाली. “सरकार म्हणले पोट आत घे, बानं घेतलं. म्हणले तट्टाची मान उंच कर, केली. आता तुमीच ठरवा. मूर्ती हुबेहूब असंल, तर दोघांनाबी तळघर. तट्टासाठी मी रोज हरभरे आणीनच, सरकारांनाबी मूठभर आणीन. आन् हुबेहूब नसंल, तर दोघंबी मोकळे. फकस्त तसं हितं सगळ्यांम्होरं सांगा.”

राजांनी मूर्तीच्या कंबरेकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग त्या तट्टाकडे, ते निवांतपणे दाराचं तोरण खात होतं. आणि भुजंगराव असे खदखदून हसले की त्यांचं पागोटं पाठीमागे पडलं.

“लिहा पंत! या मूर्तीतला घोडा या तट्टासारखा नाही. आणि वरचा स्वार? असे आम्ही वीस वर्षांपूर्वीसुद्धा दिसत नव्हतो!”

तट्टाचा दोर तिथेच सुटला. येसूला शेला मिळाला. दरबारचा कोणताही करार आधी हौसाला ऐकवायचा, मगच त्यावर शिक्का उठवायचा, असं ठरलं. आणि तट्टाला सरकारी पागेतून जन्मभर दाणा-चंदी देण्याचा हुकूम झाला.

पंतांनी बोरू उचलला आणि जरा घुटमळले. या खेपेला त्यांना चूक करायची नव्हती. “जन्मभर म्हणजे कुणाच्या जन्मभर लिहू, सरकार? तट्टाच्या, की या पोरीच्या?”

राजांनी हौसाकडे पाहिलं.

“जो जास्त जगंल त्याच्या,” हौसा म्हणाली. “लिवा, पंत.”