सांधा नसलेली भिंत

वाघोत्रीच्या राजवाड्यात दरबार बघायला गेलात, तर गादीमागच्या पांढऱ्या भिंतीपाशी राखणदार दगडूनाना आधी चपला काढायला लावतात आणि मग म्हणतात, "हात न लावता सांधा शोधून दाखवा बरं." माणसं वाकून बघतात, तिरपी होऊन बघतात. चुन्याचीच भिंत, पण आरशासारखी; समोरची कमान, खांब, बघणाऱ्याचं नाक, सगळं तिच्यात उमटतं. सांधा काही सापडत नाही. "सापडायचा नाही," असं म्हणून नाना सांगू लागतात.

वाडा बांधला जात होता तेव्हा ही भिंत भिवरा नावाच्या गवंडणीकडे होती म्हणे. चुन्याचा शेवटचा थर ओला आहे तोवर गुळगुळीत गोट्यानं घोटत राहायचं, थांबायचं नाही. मध्येच थांबलं, किंवा एकीच्या जागी दुसरीनं गोटा धरला, की तिथं पट्टा उठतो, तोच सांधा. मग अख्खी भिंत खरवडायची. भिवराच्या हाताखाली कधी सांधा राहिला नव्हता. बायका चिडवायच्या, "भिवरे, नवऱ्याची पाठ तरी एवढी चोळलीस का गं कधी?" ती हसायची. हात चालूच.

तिचा नवरा सटवाजी त्याच वाड्यावर गवंडी होता. गादीमागची भिंत घोटून होत आली होती, तेव्हा तिची थोरली जाऊ चंगुणा धापा टाकत आली. "भिवरे, चल. भावजी परांचीवरून पडले, नगारखान्यापाशी. तुझं नाव घेताहेत."

भिवरा दचकली. पण गोटा भिंतीवरून सुटला नाही. "आलेच. एवढा हात पुरा करते," ती म्हणाली. तिला वाटलं, पाय मोडला असेल. मागंही एकदा मोडला होता. नगारखाना तीन चौक पलीकडे. तिथलं इथं काही ऐकू येत नव्हतं.

चंगुणा पुन्हा आली. "अगं, पाणीसुद्धा तुझ्याच हातचं मागताहेत."

"झालंच. वीतभर राहिलं."

मिस्त्री मागं उभा होता. तो जा म्हणाला नाही, थांबही म्हणाला नाही.

तिसऱ्या खेपेला चंगुणा दारातच थांबली. पदर तोंडाशी धरून खाली बसली. भिवरानं तिच्याकडे बघितलं, आणि उरलेली चार बोटं जागा घोटून पुरी केली. आता घाई कसली होती?

ती रडली नाही, असं सांगतात. हात आपला वाटेना, एवढंच. तिरडीपाशी बसली तेव्हाही तो गोटा धरल्यासारखा हवेत वरखाली होत होता. शेवटी बायकांनी धरून ठेवला.

सटवाजीचे दिवस झाल्यावर राजेसाहेब भिंत बघायला आले. पगडीचा तुरा भिंतीत लखलखलेला बघून खूश झाले. म्हणाले, "बाई, माग काय हवं ते."

"पुढच्या भिंतींना सांधा चालवून घ्या, सरकार."

कारभारी हसला. मिस्त्रीनं मान खाली घालून घडलेलं सांगितलं. राजेसाहेब भिंतीपासून दोन पावलं मागं सरले. मग म्हणाले, "ही भिंत खरवडून टाकायची का?"

"नको," भिवरा म्हणाली. "ही झाली आता."

तेव्हापासून वाड्यातल्या बाकी दालनांच्या भिंती सांध्यासकट स्वीकारल्या गेल्या. ते सांधे नाना दाखवत बसत नाहीत. ज्याचे त्यानं बघावेत.

वाघोत्रीत आजही कुठं चुन्याची भिंत घोटायची असली, तर घरून बोलावणं आलं की घोटणारीनं गोटा आहे तिथं ठेवून निघायचं, अशी रीत आहे. मागं भिंत वाळून जाते. घरधनी नंतर तिच्यावरून हात फिरवतो, पट्टा बोटांना लागतो, पण कुरकुर करत नाही.

"वेळेत पोचलीस ना गं?" एवढंच विचारतो.